ग्रिनिचचा नदीकाठ: जाणकारांनो, बारकावे लिहा

लंडनच्या ग्रिनिचला जाणारे शून्य रेखांशाच्या रेषेवर पाय ठेवून फोटो काढतात आणि परततात. थेम्सच्या या काठाचं जहाजी अंग ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी लिहावं.

वेधशाळेवरच्या लाल गोळ्यापासून सुरुवात करतो. १८३३पासूनची ही सोय नदीतल्या जहाजांसाठी. गोळा दुपारी १२:५५ला खांबाच्या अर्ध्यावर चढतो, १२:५८ला टोकाला जातो आणि बरोबर एकला पडतो. बाराला का नाही? कारण तेव्हा खगोलज्ञ सूर्याचे वेध घेण्यात गुंतलेले. बघणारे हमखास चुकतात ते इथं: गोळा खाली टेकला की घड्याळ बघतात. खरी वेळ तो सुटतो त्या क्षणाची. जहाजावर क्रोनोमीटरचे (रेखांश काढायच्या अचूक घड्याळाचे) काटे फिरवत नसत. किती सेकंद पुढे किंवा मागे, तेवढं वहीत टिपायचं. रोज २ सेकंदांचा फरक हिशेबात धरला नाही, तर ६० दिवसांत १२० सेकंद, म्हणजे विषुववृत्तावर ३० सागरी मैलांची चूक. खडकावर आपटायला पुरेशी.

आता इथल्या 'कटी सार्क' या जुन्या शिडाच्या जहाजाबद्दल. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पाण्याखालच्या भागाला मुंट्झ धातूचा पत्रा (साधारण ६० टक्के तांबं, ४० टक्के जस्त). पत्र्यामुळे शंखशिंपले चिकटत नाहीत, वेग टिकतो. तोच पत्रा थेट लोखंडावर ठोकला, तर खाऱ्या पाण्यात लोखंड झिजतं. म्हणून मध्ये लाकूड. १९५४पासून जहाज कोरड्या गोदीत तळाच्या कण्यावर टेकून होतं. आधाराला पाणी नाही, त्यामुळे सांगाडा बेढब होऊ लागला. २०१२पर्यंतच्या दुरुस्तीत ते तीन मीटरांहून अधिक उचललं, ते यासाठी. २००७च्या आगीत डोलकाठ्या वाचल्या, कारण त्या आधीच उतरवून ठेवल्या होत्या.

शेजारच्या डेप्टफर्डला विसरू नका! इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचा १५१३चा जहाजकारखाना. नदीत गाळ साचत राहिला, जहाजांना मात्र जास्त खोल पाणी लागू लागलं. तो १८६९मध्ये बंद झाला. 'कटी सार्क' पाण्यात उतरली तेच वर्ष, सुएझ कालवा उघडला तेही तेच.

थेम्सखालच्या १९०२च्या बोगद्यातून पायी पलीकडे जा, जेमतेम ३७० मीटर. गोदी कामगारांना फेरीबोट परवडत नव्हती, भरवशाचीही नव्हती, म्हणून तो खणला. पलीकडून मागे वळून बघा: खलाशांच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारती मधोमध दुभंगलेल्या दिसतात. मागच्या क्वीन्स हाउस या राजवाड्यातून नदी दिसत राहावी, म्हणून वास्तुविशारद रेनला मधली जागा मोकळी सोडावी लागली.