मानेची कातडी चेहऱ्याआधी का लोंबते?

गोदाकाठ: वय ५४. चेहरा अजून बरा आहे, पण हनुवटीखाली कातडी सुटलीये. मंगळसूत्राची वाटी त्या घड्यांत अडकते. दात आवळले की गळ्यावर दोन दोऱ्या उभ्या राहतात. भाचीच्या लग्नाच्या फोटोंत मला तेवढंच दिसतंय. पार्लरवाली मानेचे व्यायाम सांगते आणि एक महागडं क्रीम गळ्यात मारायला बघतेय. हे होतं तरी कशाने?

जुनी_सिस्टर: त्वचा विभागात नर्स होते, आता निवृत्त. त्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिझ्मा. छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत पसरलेला पातळ स्नायू, वयानुसार त्याच्या पट्ट्या दिसू लागतात. त्यावरची कातडी मुळातच पातळ, तेलग्रंथीही कमी. त्यात पाळी गेल्यावर पहिल्या ५ वर्षांत त्वचेतलं जवळपास ३० टक्के कोलॅजन, म्हणजे कातडी घट्ट ठेवणारं प्रथिन, जातं. जबड्याचं हाडही झिजतं, म्हणजे वरचा आधारही कमी.

आणि ऊन. आरशासमोर हनुवटी वर करा. तिच्या खालचा, कायम सावलीत राहणारा भाग गळ्याच्या बाजूंपेक्षा उजळ नि गुळगुळीत दिसतोय का? मग बाजूंचं नुकसान बरंचसं उन्हाचं.

हायवेवाला: मी दिवसभर गाडीत, काच बंद, एसी चालू. मला कुठलं ऊन?

जुनी_सिस्टर: उन्हात दोन प्रकारचे अतिनील किरण असतात. काच त्यातले यूव्हीबी बरेचसे अडवते, पण कातडी सुरकुतवणारे यूव्हीए आत येतात. २८ वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकन चालकाचा फोटो २०१२ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला होता. खिडकीकडची डावी बाजू सुरकुतलेली, उजवी बरीच तरुण. आपल्याकडे खिडकी उजवीकडे, तिकडची मान बघा.

गोदाकाठ: तपासलं. तुम्ही म्हणालात तसंच आहे! स्कूटरवर स्कार्फ तोंडाला गुंडाळते, गळा उघडाच. सनस्क्रीनही जबड्यापाशी संपतं. मग व्यायाम करू का?

जुनी_सिस्टर: व्यायामाने सुटलेली कातडी आवळत नाही. उलट ते दात आवळून गळा ताणायचे प्रकार करू नका, दोऱ्या आणखी उठून दिसतील. सनस्क्रीन गळपट्टीपर्यंत लावा, कानामागेही. ट्रेटिनोइन नावाच्या औषधी क्रीमने पोत थोडा सुधारतो, पण मान लवकर चुरचुरते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. दोऱ्यांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, देतात, परिणाम काही महिनेच टिकतो. कातडी खूपच लोंबत असेल तर शस्त्रक्रिया, दुसरं काही ती वर नेत नाही. आणि लग्नसराईच्या आधी झटपट वजन उतरवू नका, चरबी जाते, कातडी तिथेच राहते.

गोदाकाठ: म्हणजे क्रीमचे पैसे वाचले.

जुनी_सिस्टर: त्यातून दोन-तीन सुती स्कार्फ येतील, जरा लांब घ्या.