मदत हवी आहे: सॉल्व्हंट बदलला आणि फिल्म धुरकट येतेय

काचपट्टी:
क्लोरोफॉर्म (आधीचा सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव) बंद करायचाय म्हणून ऑर्गॅनिक सोलर सेलचा अ‍ॅक्टिव्ह थर (उजेडातून वीज बनवणारा) आता ऑर्थो-झायलीनमधून टाकतेय, बाकी काही बदललेलं नाही. फिल्म धुरकट दिसते, करंट आणि फिल फॅक्टर (करंट गुणिले व्होल्टेजमधला किती भाग खरंच हाती लागतो ते) दोन्ही पडलेत, व्होल्टेज जवळपास तेवढंच. तीन आठवडे झाले, सोमवारी निकाल दाखवायचेत. काय करू?

जुनीभट्टी:
मटेरियल कुठलं? प्रमाण किती? अ‍ॅडिटिव्ह आहे का?

काचपट्टी:
सॉरी. पीएम६ (पॉलिमर) आणि वाय६ (त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारा लहान रेणू), १ ला १.२, एकूण १६ मिलिग्रॅम प्रति मिली, अ‍ॅडिटिव्ह म्हणून अर्धा टक्का क्लोरोनॅप्थलीन, काच ३००० आरपीएमला फिरवून, मग ११० अंशांवर १० मिनिटं.

मंदआच:
डीआयओ (डायआयोडोऑक्टेन, हेही अ‍ॅडिटिव्हच) घाला. पीटीबी७ हे पॉलिमर आणि फुलरीन (कार्बनचे पोकळ रेणू, वाय६च्या जागी) यांच्या सेलमध्ये आम्ही क्लोरोबेंझीनमध्ये ३ टक्के घालायचो, फुलरीनचे मोठे गोळे लगेच गायब.

जुनीभट्टी:
तिथे चालायचं कारण डीआयओ फुलरीन विरघळवतं पण पॉलिमर नाही, त्यामुळे फुलरीन शेवटपर्यंत द्रवात राहून पॉलिमरच्या फटींत शिरायचं. इथे दुखणं वेगळं आहे. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळतो, ऑर्थो-झायलीन १४४ ला. क्लोरोफॉर्मची फिल्म बघता बघता सुकते, दोन पदार्थांना वेगळं व्हायला वेळच मिळत नाही, झायलीनमध्ये मिळतो आणि वाय६चे गोळे वाढत जातात. एक्सिटॉन (उजेडाने तयार होणारी इलेक्ट्रॉन आणि होलची जोडी) साधारण १०-२० नॅनोमीटरच चालतो, गोळा त्याहून मोठा झाला की तो कडेला पोचायच्या आतच विझतो, करंट तिथे गेला. त्यात आणखी सावकाश उडणारं डीआयओ कशाला? शिवाय ते फिल्ममध्ये उरलं की उजेडात थर खराब होतो.

मंदआच:
हळू सुकणं वाईटच असतं असं नाही हो, पी३एचटी या जुन्या पॉलिमरची फिल्म डायक्लोरोबेंझीनमधून मुद्दाम झाकून सुकवायचे आणि तेच सेल चांगले यायचे.

क्षकिरण:
दोघंही उकळबिंदूवरच अडलात. २००१ मध्ये पीपीव्ही जातीचं पॉलिमर आणि फुलरीन यांच्या सेलला टोल्युइनऐवजी क्लोरोबेंझीन वापरलं आणि कार्यक्षमता २.५ टक्क्यांवर गेली. क्लोरोबेंझीन तर टोल्युइनपेक्षा हळू सुकतं, तरी गोळे लहान आले, कारण फुलरीन त्यात जास्त विरघळतं. आधी विद्राव्यता बघा. आणि एएफएमवर (सुईने पृष्ठभाग चाचपणारा मायक्रोस्कोप) विसंबू नका, ते फक्त पृष्ठभाग दाखवतं, जीआयवॅक्स (क्ष-किरणांनी थराच्या आतली रचना बघायची चाचणी) करा.

काचपट्टी:
सोमवारच्या आत बीमटाइम (क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्रावरची वेळ) कुठून आणू?

उन्हाळी:
पेरोव्स्काइटकडे (वेगळ्याच जातीचे सोलर सेल) वळा. अँटीसॉल्व्हंट (ज्यात पदार्थ विरघळत नाही असा द्रव) टाकला की स्फटिक सुंदर येतात.

जुनीभट्टी:
तिचा प्रश्न तो नाहीये. काचपट्टी, सोल्यूशन गरम टाकता की गार?

काचपट्टी:
रात्रभर हॉटप्लेटवर ढवळते, मग गार होऊ देते, गाळते आणि टाकते. क्लोरोफॉर्मला असंच करायचे.

जुनीभट्टी:
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. गार झायलीनमध्ये वाय६ नीट विरघळलेलं राहत नाही, पीएम६ पण गुठळ्या धरतं, म्हणजे फिल्म सुकायच्या आधी बाटलीतच गोळे झालेले असतात. सोल्यूशन ८०-९० अंशांवर ठेवा, काच आणि पिपेटची टिपसुद्धा तापवा, आणि गाळायचं तर गरमच गाळा, नाहीतर वाय६ फिल्टरवरच राहील आणि तुमचं १ ला १.२ हे प्रमाणही बिघडेल.

क्षकिरण:
हे पटलं. जाडीपण मोजा, त्याच आरपीएमला झायलीनचा थर पातळ येतो. बीमटाइम नसेल तर पीएल (उजेड पाडल्यावर थर किती चमकतो त्याचं मोजमाप) घ्या, वाय६ची चमक विझत नसेल तर गोळे अजून मोठेच आहेत.

काचपट्टी:
आज सगळं गरम ठेवून टाकलं. फिल्म स्वच्छ आली!! करंट बराचसा परत आलाय, फिल फॅक्टर अजून कमी. जाडी उद्या मोजते. क्लोरोनॅप्थलीन काढून बघू का?

मंदआच:
काढू नका, निम्मं करा.

जुनीभट्टी:
आधी जाडी. एका वेळी एकच गोष्ट बदला.