एकटा आमदार राज्याचं धोरण ठरवू शकतो का?

माणदेशी_पोरगा:
राम राम मंडळी. परवा आमच्या आमदारांची पुस्तिका घरी आली. चकचकीत कागद, मधल्या पानावर साहेब ट्रॅक्टरवर बसलेले. 'राज्यासाठी माझे अग्रक्रम' अशी यादी आहे: शेतीला पाणी, तरुणांना काम, आरोग्य, पर्यटन... काही म्हणून सोडलेलं नाही. माझा प्रश्न सरळ आहे. एकट्या आमदाराच्या हातात राज्याचं धोरण असतं का, की निधीतून सभामंडप आणि हायमास्ट दिवे एवढंच? टोमणे नकोत, उदाहरण द्या.

जुना_मस्टरवाला:
माझी नोकरी रोजगार हमीच्या कामांवर मस्टर, म्हणजे मजुरांचं हजेरीपत्रक, लिहिण्यात गेली, तासगाव-आटपाडी पट्ट्यात. त्यामुळे माझं उदाहरण ठरलेलं: वि. स. पागे.

गाव विसापूर, तालुका तासगाव. १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती. हाताशी कुठलं खातं नाही. डोक्यात एकच गोष्ट: मागेल त्याला काम, आणि तेही उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून. १९६५ मध्ये तासगाव भागातच ते करून बघितलं. पुढं ७२ चा दुष्काळ पडला, तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या सरकारपुढं कल्पना तयार होती. तीच रोजगार हमी योजना.

पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं हे सगळ्यांना आठवतं. पण खरी अक्कल पैशाच्या सोयीत होती. दुष्काळात सुरू झालेली योजना पहिला चांगला पाऊस पडला की गुंडाळली जाते. इथं १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि तो या कामाला बांधला. जेवढा कर जमेल तेवढीच भर शासनानं आपल्याकडची घालायची. शहरातल्या पगारदाराकडून घेऊन माळावरच्या मजुराला. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतात ना, तो हाच कर. (कसला हा कर, म्हणून मला विचारणारे बहुतेक पुण्यातले भाचेच असतात.)

राज्याचा रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. मजुरी कामाच्या मापावर, बाई-पुरुष दर एकच. भत्ता मिळालेला मजूर मात्र मी क्वचितच पाहिला, हेही सांगून टाकतो. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला २००५ मध्ये.

वर्धेकर:
काका, पागे सत्ताधारी पक्षाचे आणि वर सभापती. साध्या आमदाराचं काय? तिजोरीतून खर्च लागणारं विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मंजूरच करता येत नाही. मग अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदाराचं विधेयक, मांडायचं, मंत्री म्हणणार 'शासन विचार करेल', आणि आपण मागं घ्यायचं. संपला अग्रक्रम.

डाळिंबवाला_सांगोला:
आमच्या आबांना विसरलात. गणपतराव देशमुख, शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधी बाकावर. एसटीनं मुंबईला जायचे हे जो तो सांगतो. सभागृहात पाण्यासाठी किती वर्षं तोंड वाजवलं ते कोणी सांगत नाही. टेंभू, म्हैसाळ या पाणी उपसून आणणाऱ्या सिंचन योजना एका भाषणात आल्या नाहीत. आटपाडीच्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडींच्या जोडीला आबा उभे असायचे. सभागृहात लक्षवेधी सूचना मांडायची, बाहेर मोर्चा काढायचा.

माणदेशी_पोरगा:
मग पुस्तिकेत बघू काय?

जुना_मस्टरवाला:
वर्धेकरांचं खरं आहे, पण त्यातूनच उत्तर निघतं. यादी बघू नकोस, पैसा कुठून आणणार ते लिहिलंय का बघ. नसेल तर ती नुसती हौस. दुसरं, साहेब कुठल्या समितीवर आहेत आणि त्यांनी तारांकित प्रश्न (ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात) कशावर विचारले, ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोध. भाषणापेक्षा तिथं माणूस कळतो.

समित्यांना लोक हसतात, पण दोन्ही सभागृहांची मिळून रोजगार हमी समिती असते ना, तिचा दौरा लागला की आमच्या कचेरीत रात्रभर दिवे जळायचे. मस्टरवरची नावं आणि बांधावरची माणसं जुळवायची धावपळ. एकदा एका आमदारानं मोजमाप वही मागितली, चप्पल काढून चारीत उतरला आणि स्वतः टेप धरला. विरोधी पक्षाचा, पहिल्यांदाच निवडून आलेला. त्या हप्त्याची मजुरी वेळेवर निघाली.