चोर्ला घाटासाठी पिकअपला मोठ्या गाडीचे ब्रेक बसवावेत का? मदत हवी आहे

मंडळी, मी बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेतो. गेल्या गुरुवारी कोबी भरून उतरताना पेडल मऊ पडत गेलं, शेवटी पाय तळाला टेकला तरी गाडी थांबेना. सेकंड गिअर टाकून कशीबशी कडेला घेतली. पुढच्या चाकातून जळका वास, डिस्कवर निळसर झाक. शेजारी धाकटा भाऊ होता. घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

ब्रेक ऑइल जुनं होतं, पाणी धरून उकळलं असणार. आता डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलंय, पॅडही नवे टाकलेत. पण मेस्त्री म्हणतात, स्क्रॅपमधून मोठ्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणू, ब्रॅकेट बनवून बसवू.

माझी खरी अडचण मास्टर सिलेंडरची आहे, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेककडे ऑइल ढकलतो त्या सिलेंडरची. कॅलिपरचे पिस्टन मोठे झाले की ऑइल जास्त लागणार, जुन्या सिलेंडरवर पेडल खोल जाणार. सिलेंडर मोठा घातला तर पेडल कडक होणार. मग मेळ कसा बसवायचा? आणि पुढचे ब्रेक एवढे वाढवले, मागे ड्रमच राहिले, तर पावसात रिकाम्या गाडीची पुढची चाकं लॉक होतील ना? वेल्डिंगच्या ब्रॅकेटवर तर माझा अजिबात भरवसा नाही.

कुणी असं काम करून घाटात लोड घेऊन चालवलंय का? रिममध्ये कॅलिपर बसतो का? पासिंगला आरटीओत अडवलं का? गाडी दारात उभी आहे, खात्री झाल्याशिवाय घाटात घालणार नाही.