जिल्हा लोकल बोर्ड गेलं, ते बरंच झालं का?

माणदेशी
गावच्या ओढ्यावरच्या मोरीत एक दगड आहे. त्यावर "जि. लो. बो." एवढंच कोरलंय. पोरानं विचारलं, हे काय? म्हटलं, जिल्हा परिषदेचा आजा. 1884 च्या कायद्यानं जन्मला, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा गेला.

माझं म्हणणं, बोर्ड गरीब होतं पण त्याची स्वतःची मिळकत होती. शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड. त्यातला तिसरा हिस्सा शाळांना, बाकीच्यात रस्ते, विहिरी, धर्मशाळा. आज मुंबईहून अनुदान सुटलं तर पगार, नाहीतर बोंब.

खोडरबर
मिळकत कुणाच्या जिवावर? आणा भरायचा लहानमोठ्या सगळ्या खातेदारांनी, आणि मत ठरावीक साऱ्याच्या वरच्यांना. वर कितीतरी वर्षं अध्यक्ष कोण, तर कलेक्टर!

1923 ला सभासद सीताराम केशव बोल्यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात पास झाला: सार्वजनिक पैशातल्या विहिरी, तळी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. बोर्डांनी मनावर घेतलं नाही, म्हणून 1926 ला न ऐकणाऱ्यांचं अनुदान रोखा असा दुसरा ठराव आणावा लागला. माझा आजा बोर्डाच्याच शाळेत शिकला. वर्गात नाही, व्हरांड्यात. पाऊस आला की घरी.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडं वऱ्हाडात जिल्हा लोकल बोर्ड नव्हतंच, डिस्ट्रिक्ट कौन्सिल होती. 1928 मध्ये पंजाबराव देशमुख अमरावतीच्या कौन्सिलचे अध्यक्ष झाले न् सार्वजनिक विहिरी खुल्या करून दाखवल्या. शिक्षणासाठी कर वाढवायलाही कचरले नाहीत. म्हणजे अधिकार होते ना भाऊ, वापरले कुठं? पुढं 1948 च्या कायद्यानं कौन्सिलच्या जागी तालुकावार जनपद सभा आल्या, त्याही 1962 ला गेल्या. त्यांच्यासाठी कोणी रडत नाही, हेही नवलच.

माणदेशी
खोडरबर, व्हरांड्याचं वाचून गप्प झालो. मान्य. पण मताधिकाराचा दोष एक, पैशाचा मुद्दा दुसरा. सगळ्यांना मत देऊन तिजोरीची किल्लीही हातात ठेवता आली असती की. ते का नाही केलं? आणि 2022 पासून कित्येक जिल्हा परिषदांवर प्रशासकच बसवले होते. कलेक्टर अध्यक्ष म्हणून नाक मुरडता, मग हे काय वेगळं?

खोडरबर
प्रशासकाचं समर्थन मी कुठं केलं? जिल्हा परिषदा कशा असाव्यात हे सुचवणाऱ्या वसंतराव नाईक समितीनं कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवा म्हटलं होतं, ते याच भीतीनं. पण एक विसरू नका, तालुका बोर्डं 1938 लाच मोडली होती. तालुक्याला काही मिळालं ते पंचायत समितीमुळं. आमच्या आईला पहिला बीडीओ आठवतो, सायकलवरून यायचा. बोर्डाचा मेंबर वस्तीत आलेला तिनं कधी ऐकला नाही.

बाकी, जात पडताळणीला बोर्डाच्या शाळेचं जनरल रजिस्टरच कामाला आलं, तेवढं त्यांचं ऋण.

वऱ्हाडी ठेचा
माणदेशी, त्या दगडाचा फोटो टाका राव. मोरी पाडायच्या आत.