पेनड्राइव्ह, पिवळी फोल्डरं आणि घरच्या कॉम्प्युटरला झालेली लागण: तुमचे किस्से?

उंबरठा: परवा भाचीने झेरॉक्सवाल्याकडून आणलेला पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला, तर आत फायलींऐवजी नुसते शॉर्टकट, म्हणजे व्हायरस! विंडोजच्या डिफेंडर अँटीव्हायरसने लगेच अडवलं, पण मला थेट २००७ आठवलं. घरात एकच कॉम्प्युटर, विंडोज एक्सपी, वर आईने विणलेलं क्रोशाचं कव्हर. सायबर कॅफेतून प्रोजेक्टची प्रिंट काढून आले आणि घरी पेनड्राइव्ह लावला. रात्री ऑर्कुट (तेव्हाचं फेसबुकच म्हणा) उघडलं तर खिडकी आपोआप बंद आणि पाटी: 'ऑर्कुट इज बॅन्ड यू फूल'. शेवटी 'मुहाहाहा'. बाबा मागेच उभे. "फूल कोणाला म्हणतोय हा?" त्यांना वाटलं मी कुणाशी तरी भांडण उकरून काढलंय. आठवडाभर कीबोर्ड कपाटात.
तुमचंही येऊ द्या.

दगडूशेट: हसून हसून पुरेवाट! आमच्या अख्ख्या होस्टेलला झाला होता हा व्हायरस. फायरफॉक्स उघडलं तरी हाकलायचा, वर इंटरनेट एक्सप्लोरर वापर म्हणून दम. टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमची यादी) एसव्हीसीहोस्ट या विंडोजच्याच नावाच्या पाचसहा प्रोसेस दिसायच्या, त्यातली जिच्यापुढे आपलं युजरनेम, ती व्हायरसची, तीच मारायची. घाईत सिस्टिमवाली मारली की मशीन बंद व्हायचं साठ सेकंदांचं काउंटडाउन सुरू. मी तीनदा मारली.

मीठमिरची: न्यू फोल्डर डॉट ईएक्सई कुणी आठवत नाही का? दिसायला अगदी फोल्डर, तोच पिवळा रंग. विंडोज नावातलं शेवटचं ईएक्सई (म्हणजे हा प्रोग्रॅम आहे ही खूण) लपवून ठेवतं म्हणून फसायचो. तेव्हापासून नवीन मशीन आलं की आधी नावामागचं हे एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग चालू करते, मग वॉलपेपर.

उंबरठा: @मीठमिरची मी आजच केलं. इतकी वर्षं काय झोपले होते काय माहीत.

जुनाखोड: तुम्ही लहान आहात सगळे. २६ एप्रिल १९९९. सकाळी पीसी चालू केला, स्क्रीन काळी ती काळीच. चेर्नोबिल व्हायरस. हार्ड डिस्कची सुरुवात पुसायचाच, काही मदरबोर्डांची बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) पण उडवायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, मदरबोर्डच गेला." मी म्हटलं, अरे, सॉफ्टवेअरने हार्डवेअर कसं जाईल? त्याने चहा मागवला.

पाऊलवाट: शाळेच्या लॅबमध्ये चपला बाहेर काढायला लावायचे, व्हायरस येऊ नये म्हणून. आम्ही खरं मानायचो.

दगडूशेट: @पाऊलवाट मोज्यांच्या वासाने मरत असतील की.

सईचीआई: हसू येतंय वाचून, पण आमचं वेगळं झालं. अहोंनी व्हिडिओ एडिटिंगचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर उतरवलं. अँटीव्हायरस ओरडत होता तर तो बंद करून इन्स्टॉल केलं, कारण तिथे तसंच लिहिलं होतं. तासाभरात सगळ्या फोटोंच्या नावापुढे चार अक्षरांचं शेपूट. एक टेक्स्ट फाइल: फायली सोडवायच्या तर ९८० डॉलर, ७२ तासांत दिले तर ४९०. बॅकअप होता हो, पण त्याची डिस्क मशीनलाच लावलेली, तीही गेली. सईच्या बारशाचे फोटो तेवढे वाचले, सासूबाईंनी छापून अल्बममध्ये लावलेले. पैसे नाही दिले. आता डिस्क महिन्यातून एकदा जोडते, कॉपी झाली की काढून साड्यांमध्ये.

जुनाखोड: वाईट वाटलं ताई. त्या बिघडलेल्या फायली टाकू नका, काहींचं कुलूप उघडणारी किल्ली पुढे सापडते.

सईचीआई: ठेवल्यात काका.

गोमंतकी: आईच्या लॅपटॉपवर लाल स्क्रीन, सायरन आणि बाईचा आवाज, मशीन बंद करू नका, या नंबरवर फोन करा. आईने थेट वायर उपटली. बॅटरी आहे हे तिच्या लक्षात नव्हतं, बाई बोलतच राहिली. मग आईने वर उशी ठेवली आणि मला फोन केला! ब्राउझर बंद केला, संपलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० नंबर आता फ्रिजवर चिकटवलाय, पैसे गेले तर लगेच फिरवायचा.

मीठमिरची: उशी 😂 मावशींना नमस्कार सांगा.

पाऊलवाट: अवांतर: जुन्या श्रीलिपी या मराठी फॉन्टमधल्या फायली आताच्या युनिकोडमध्ये कुणी करून देईल का? बाबांच्या कविता आहेत.

जुनाखोड: @पाऊलवाट व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाहा.

दगडूशेट: शॉर्टकटवाल्यांनो, पेनड्राइव्ह लगेच फॉर्मॅट करू नका. फायली बहुतेकदा आतच असतात, फक्त लपवलेल्या. कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब ही कमांड, मग लपवणं काढायला वजा एच, वजा एस...

उंबरठा: थांब थांब, भाचीचा निबंध त्यातच आहे! कुकर लावून येते, मग नीट सांग.