साखर 44 रुपये किलो मिळते, पण बाकीचा खर्च कोण भरतंय?

ठाणेकर_अनघा
नमस्कार मंडळी, घरात सध्या एक वाद चालू आहे म्हणून विचारतेय. मुलीच्या कॉलेजात ऊसतोड कामगारांवर कुणाचं तरी भाषण झालं, आणि तेव्हापासून ती चहातसुद्धा साखर घालत नाही. म्हणते आई, ही साखर स्वस्त नाहीये, आपण पूर्ण पैसे देत नाही एवढंच. सासूबाई म्हणतात मग गूळ आणा. मी आपली 44 रुपये किलोने डी-मार्टमधून पाच किलोची पिशवी आणणारी बाई, मला ह्यातलं खरंच फारसं कळत नाही. पाणी खूप लागतं हे ऐकून आहे, लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं तेही आठवतंय. पण साखरेचा नक्की कुठला खर्च आपल्या बिलात येत नाही? आणि गूळ घेतला तर काही फरक पडतो का? जाणकारांनी जरा नीट सांगा प्लीज.

पाणलोट
पाण्याचं मी सांगतो. एक किलो साखरेमागे साधारण दीड ते दोन हजार लिटर पाणी लागतं, सरकारी अहवालांमधे हाच आकडा येतो. आता हे पाणी कोल्हापुरात वापरणं वेगळं आणि लातूर-धाराशिवमधे वापरणं वेगळं, तिकडे मुळात पाऊसच कमी आणि धरण एक वर्ष भरलं तर पुढची दोन कोरडी. तरी कारखाने तिकडेही निघाले आणि कारखाना निघाला की आजूबाजूला ऊस येतोच, मग बोअर 300 फुटांवरून 600, 600 वरून 800. एप्रिल 2016 मधे मिरजेहून लातूरला जी पाण्याची गाडी गेली ती सुमारे साडेतीनशे किलोमीटर चालून गेली, तो खर्च साखरेच्या कुठल्या बिलात लागला? शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आटली, त्याच्या बायकोला टँकरच्या मागे धावावं लागलं, ते कुणी मोजलं? 2017 ला राज्य मंत्रिमंडळाने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं, पण आजही फिरून बघा, पाटाने मोकळं पाणी सोडलेले ऊसच जास्त दिसतील.
आणि ताई, गूळही उसाचाच. पाणी तेच, तोडणाराही तसाच. चव आवडत असेल तर जरूर खा, पण ह्या कारणासाठी नको.

शिरोळकर
पाणलोट भाऊ, तुमचं पाण्याचं खरं आहे पण शेतकऱ्याला एकट्याला धरू नका. टोमॅटो लावला तर कधी कॅरेटला भाडंसुद्धा सुटत नाही, रस्त्यावर ओतायची पाळी येते, कांद्याचं तर बोलायलाच नको. उसाला एफआरपी आहे, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान भाव, 2024-25 च्या हंगामाला 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3400 रुपये होती, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा जाते पण निदान पीक उचललं जाणार आणि पैसे येणार एवढी तरी खात्री असते. असं दुसरं पीक दाखवा, आम्ही उद्या ऊस मोडतो.
पण ह्याची किंमत आमच्या जमिनीनं दिली हे मात्र कबूल. शिरोळ, मिरज, वाळवा ह्या पट्ट्यात क्षारपड, म्हणजे मीठ फुटून नापीक झालेली रानं बघायला या. वर्षानुवर्षं ऊस, दाबून पाणी, वरनं युरिया, आणि काळ्या रानाला निचरा नाही. पाणी खालनं वर चढत येतं आणि उन्हाळ्यात रानावर पांढरं मीठ फुटतं. आधी टनेज घटतं, मग उगवणच होत नाही, मग तिथं लव्हाळा आणि वेडी बाभळ. आमच्या भावकीतलं एक रान असंच पडून आहे, आजोबांच्या काळात त्यात शाळू अन् हरभरा व्हायचा. आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करतात, त्यानं रानं परत येतात, शिरोळ तालुक्यात झालंय तसं. पण खर्च मोठा आणि एकट्यानं करून उपयोग नाही, पाणी पार ओढ्यापर्यंत न्यायचं तर शेजारच्या सगळ्यांनी यायला लागतं.

कोयत्याचा_पोरगा
मी बीड जिल्ह्यातला, धारूरकडचा. आईबाप कोयत्यावर जायचे. ताई, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक. दसरा-दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून उचल (आगाऊ पैसे) घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तिकडं ऊसपट्ट्यात ऊस तोडायचा. पहाटे अंधारात फडात, थंडीनं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला ओला झालेला असतो, हाताला चिरा पडतात. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी आली की मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, मग ती रात्री येऊ द्या की पहाटे. रात्री कोपीवर, म्हणजे पाल्याच्या झोपडीवर येऊन पुरुष पडतो, बाई चूल पेटवते. संडास नाही, न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेलं लुगडं. पाळी आली तरी सुट्टी नाही कारण खाडा पडला की पैसे कापतात. मग अंगावरून जायला लागतं, पोट दुखतं, दवाखान्यात गेलं की सांगतात गर्भपिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. पंचवीस-तीस वर्षाच्या बायांनी पिशव्या काढल्यात. 2019 ला हे बाहेर आलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यात 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. माझी मावशी त्याच्याही आधीची, ती कुठल्या पाहणीत नाही. आता तिला कंबरेमुळं खाली बसता येत नाही.
तुमच्या बिलात नाही तो खर्च हा आहे.

ठाणेकर_अनघा
दादा, वाचून काही सुचेना. मुलीला दाखवलं, आम्ही दोघी बराच वेळ बोललो. एकच विचारते, हे सगळं नीट करायचं म्हटलं, म्हणजे तोडणीचा दर वाढवला, संडास दिले, तर साखर परवडणार नाही इतकी महाग होईल का? कारण आमच्याकडे प्रत्येकजण हेच म्हणतो.

कोयत्याचा_पोरगा
नाही होत ताई, हिशोब करून बघा. 2024 च्या जानेवारीत 34 टक्के वाढ झाली तेव्हा तोडणीचा दर टनाला 366 वर गेला. एका टनातून शंभर-एकशेपाच किलो साखर निघते. म्हणजे किलोमागं नवरा-बायकोला मिळून साडेतीन रुपये. हा दर दुप्पट केला आणि सगळा तुमच्या बिलात टाकला तरी 44 ची साखर 48 ला मिळेल. ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्याकडून टनामागं 10 रुपये घ्यायचं ठरलंय, ते तर किलोला दहा पैसे होतात. दहा पैशात काय काय बसवायचं, वसतिगृहं, विमा, दवाखाना? संत भगवानबाबांच्या नावानं पोरांसाठी 82 वसतिगृहं मंजूर झाली, चांगलं आहे, माझ्या वेळी असती तर मी चौथी ते सहावी फडावर वाढं (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करण्यात घालवली नसती.
साखर सोडू नका म्हणत नाही, तुमची इच्छा. पण तुम्ही सोडली म्हणून फडावर संडास येणार नाही. मुलीला म्हणावं सुट्टीत हंगाम चालू असताना कुठल्याही कारखान्याजवळच्या कोप्यांवर ये, बायांशी बोल, आणि फिरता दवाखाना येतो का, ग्रामसेवकानं ओळखपत्र दिलं का एवढं विचारून लिहून काढ. यायचं असेल तर सांगा, माझी बहीण सोबत येईल, बाया तिच्याशी मोकळं बोलतात.

शिरोळकर
इकडं आलात तर आमच्याकडं उतरा. जानेवारीत या, त्या टायमाला सगळ्या टोळ्या असतात.